आईसाठी नोकिया १०५ की जिओभारत व्ही२? आधी घरातली रेंज बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ७२, पाटण तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला असलेल्या वाडीत त्या एकट्या राहतात. त्यांचा जुना बटणांचा फोन बंद पडला. सिम एअरटेलचं, बरंच जुनं, आणि तोच नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला. एका कानाने कमी ऐकू येतं, पण कानाचं मशीन नाही. दुकानदाराने दोन फोन पुढे ठेवले: नोकिया १०५ चं २०२३ चं मॉडेल आणि जिओभारत व्ही२. तुम्ही दोन्हींच्या फीचर्सचा तक्ता करून पाठवलात आणि विचारलंत की यातला सरस कोणता.

तक्ता नीट केलाय, पण त्यात जी ओळ सगळ्यात वर हवी तीच नाही. नोकिया १०५ हा फक्त टूजी फोन आहे आणि जिओभारत हा फक्त फोरजी, तोही केवळ जिओच्या सिमवर चालणारा. स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा, टॉर्च हे सगळं या एका फरकानंतर येतं. जिओने २०१६ साली सेवा सुरू केली तीच मुळात फोरजीवर. त्यांचं टूजी जाळं कधी नव्हतंच. म्हणून नोकिया १०५ मध्ये जिओचं सिम घातलं तर रेंज येणारच नाही, आणि जिओभारतमध्ये आईचं एअरटेलचं सिम घातलं तर फोन ते घेणार नाही. दुकानात रोज अशी माणसं येतात की फोन एक घेतला, सिम दुसरंच निघालं आणि आता फोन परत होत नाही. तेव्हा आईच्या घरात कोणतं जाळं धड लागतं याचं उत्तर मिळाल्याशिवाय दोन्हीपैकी एकही बॉक्स फोडू नका.

हे तपासायला पैसे लागत नाहीत, एक फेरी लागते. तुमचा स्मार्टफोन घेऊन घरी जा. त्यात एअरटेलचं सिम असेल तर सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडून नेटवर्कचा प्रकार ‘फक्त टूजी’ करा. ही पायरी वगळू नका. तुमच्या फोनवर एरवी जे चार दांडे दिसतात ते फोरजीचे असतात. नोकिया १०५ ला ते दिसणारच नाहीत. त्याला दिसणार त्याच टावरवरचं किंवा पलीकडच्या गावातलं टूजी. फोरजी भरपूर आणि टूजी जेमतेम, अशा वाड्या आहेत, आणि याच्या उलटही आहेत. दांडे मोजून भागत नाही. आई जिथे झोपतात तिथे, चुलीपाशी आणि गोठ्यात फोन ठेवा, दार लावून घ्या आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. रिंग पहिल्या झटक्यात येते का, की ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं? लागलेला कॉल पाच मिनिटं टिकतो का? सकाळी एकदा, रात्री एकदा आणि जमल्यास लाइट गेलेली असताना एकदा बघा, कारण डोंगरातले काही टावर लाइट गेल्यावर बॅटरीवर फार वेळ काढत नाहीत.

मग हेच जिओचं सिम घालून करा. शेजारच्या कोणाचं जिओ असेल तर त्यांचा फोन थोडा वेळ मागून घ्या. मात्र त्या फोनचं वायफाय आधी बंद करा. वायफायवरून कॉल जात असेल तर रेंज नसतानाही फोन लागतो आणि आपण समजतो की जाळं चांगलं आहे. जिओभारत घेतल्यावर घरात ते वायफाय नसेल आणि सगळा भार टावरवरच येईल. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: बऱ्या स्मार्टफोनचा अँटेना हजार रुपयांच्या फोनपेक्षा सहसा चांगला असतो. तुमच्या फोनवर एकच दांडा लटपटत असेल तर जिओभारतवर तो धरून बसू नका.

या फेरीत दोन्हींपैकी एकच जाळं घरात नीट लागलं, तर निर्णय झाला. पुढचं सगळं वाचायचीही गरज नाही. दोन्ही लागली तरच खरी तुलना सुरू होते.

तुम्ही आईच्या कानाचं लिहिलंत म्हणून आवाजापासून सुरुवात करतो. इथे जिओभारत स्पष्टपणे पुढे आहे, आणि हे फोनच्या कंपनीमुळे नाही, जाळ्यामुळे आहे. टूजीवरचा आवाज साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात कोंबलेला असतो. फोरजीवरच्या कॉलला, म्हणजे ज्याला एचडी आवाज म्हणतात त्याला, ही पट्टी सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंत मोकळी होते. आपल्या बोलण्यातले स, श, फ, थ हे आवाज बरेचसे वरच्या भागात असतात, आणि वयामुळे कान जातो तोही सहसा वरच्या आवाजांपासूनच. म्हणून म्हाताऱ्या माणसांना फोनवर आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. ‘सात’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं, औषधाचं नाव तीनदा सांगावं लागतं. मग घरचे लोक ओरडून बोलतात, आणि ओरडल्याने आवाज मोठा होतो पण फाटतो. एचडी आवाजात तेच वाक्य नेहमीच्या पट्टीत बोललेलं समजतं. मात्र समोरच्या माणसाचा फोनही फोरजीवर असेल तरच हा फायदा मिळतो. तुम्ही पुण्याहून स्मार्टफोनवरून बोलता, त्यामुळे तुमच्यापुरता तो मिळेल.

पुढे कधी आईला कानाचं मशीन लागलं तर टूजीचा आणखी एक त्रास माहीत असावा. टूजी फोन सलग लहर सोडत नाही. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुटक झटके देतो. रेडिओशेजारी जुना फोन ठेवला की कॉल यायच्या आधी जी ‘टिर्र टिर्र’ ऐकू यायची ती याचीच. काही कानाच्या मशीनमध्ये हीच घरघर कॉलच्या वेळी ऐकू येते. फोरजीवर ती जवळपास नसते.

रिंगचा आवाज मात्र वेगळी गोष्ट आहे. कॉल ऐकू येतो कानाजवळच्या छोट्या स्पीकरमधून, आणि रिंग वाजते मागच्या रिंगरमधून. आई अंगणात असताना रिंग ऐकू यायला हवी, तर दुकानात दोन्ही फोन टेबलावर पालथे आणि उताणे ठेवून वाजवून बघा. पालथा ठेवल्यावर आवाज किती दबतो ते कळेल. गाण्याच्या रिंगटोनपेक्षा जुन्या टेलिफोनची सरळ घंटी लांबून जास्त ऐकू येते. दोन्ही फोनमध्ये शोधा आणि तीच लावून द्या.

आता बॅटरी. कागदावर दोन्हींची १,००० एमएएच, आणि तक्त्यात तुम्ही त्या चौकटीत ‘समान’ लिहिलंत. वापरात ते समान राहत नाही. फोरजी फोनला कॉल नसतानाही जास्त कामं असतात, त्यातून पडदा आणि ॲप वेगळी. दिवसाला चार-सहा कॉल करणाऱ्या माणसाच्या हातात नोकिया १०५ साधारण चार-पाच दिवस चालतो, जिओभारत दोन दिवस, आणि त्यावर गाणी लावली तर रोजच चार्जिंग. एकट्या राहणाऱ्या बाईसाठी हा फरक मोठा आहे. लाइट रात्रभर गेली तरी सकाळी फोन चालू असायला हवा. मात्र रेंज कमजोर असेल तर नोकियाचीही बॅटरी पटापट उतरते, कारण टावर लांब असला की फोन जास्त जोर लावतो. म्हणजे इथेही शेवटी घरातली रेंजच आडवी येते.

चार्जिंगबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण साध्या फोनच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त हेच येतं. दोन्ही फोनला मायक्रो यूएसबी पिन आहे. ती एकाच बाजूने आत जाते. नजर अधू असली की माणूस ती उलटी धरून जोर करतो. आतली पातळ जीभ वाकते आणि जॅक जातो. पिनच्या वरच्या बाजूला आणि फोनच्या कडेवर तशीच खूण म्हणून लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावा. ठिपक्यासमोर ठिपका आला की पिन घालायची, एवढंच सांगायचं. याने जेवढे फोन वाचतात तेवढे कुठल्या महागड्या कव्हरने वाचत नाहीत. चार्जर साधा ५ व्होल्टचा चालतो. जलद चार्जिंगच्या मोठ्या चार्जरची गरज नाही. दोन्हींची बॅटरी मागचं झाकण काढून निघते, ही या फोनांची फार चांगली बाजू आहे. दीड-दोन वर्षांनी ती काढून काचेवर सपाट ठेवा आणि बोटाने फिरवा. गरगर फिरली तर फुगली आहे. लगेच बदला, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. नवी घेताना दुकानदाराला फोनचं मॉडेल दाखवून त्याच कंपनीची मागा.

बटणांच्या बाबतीत माझं मत नोकियाकडे झुकतं. १०५ च्या बटणांत बोटाला कळेल असा उंचवटा आहे, दाबल्यावर ‘टक’ असा प्रतिसाद येतो. बटणांच्या खाली पत्र्याच्या बारीक टिकल्यांची शीट असते, तिचाच हा टक. पीठ, घाम, धूळ आत गेली की टिकली दबते पण टेकत नाही आणि मग एक आकडा दोनदा पडतो किंवा पडतच नाही. १०५ ला आयपी५२ दर्जा आहे, म्हणजे धुळीपासून आणि वरून पडणाऱ्या थेंबांपासून बऱ्यापैकी बचाव. पाण्यात पडला तर नाही. कोयनेच्या बाजूचा पाऊस आणि चुलीचा धूर बघता याला किंमत आहे. जिओभारतची बटणं वाईट नाहीत, पण एकमेकांना जास्त लागून वाटतात. आईला दुकानात घेऊन जाणं जमत असेल तर त्यांना चष्मा न लावता तुमचा नंबर दोन्हींवर फिरवायला सांगा. पडदे दोन्हींचे पावणेदोन इंचांच्या आसपासच आहेत, त्यात निवडण्यासारखं काही नाही. आकडे मोठे दिसायची सोय मेनूत आहे का, ते मात्र बघा.

मराठीचंही बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर आपल्या भाषांतला मजकूर वाचता यावा असा नियमच आहे, त्यामुळे बँकेचा मराठी एसएमएस चौकोन-चौकोन दिसणार नाही. जिओभारतचा मेनू मराठीत करता येतो. नोकियाचा दुकानातच करून घ्या. घरी पाठवताना एक लक्षात ठेवा: इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्राही त्यातच मोजली जाते. म्हणून आईला मराठीत लिहाल तेव्हा आटोपशीर लिहा, म्हणजे निरोप तुकड्यांत येणार नाही.

रेडिओ दोन्हींत आहे. १०५ मध्ये हेडफोनची वायर न लावताही एफएम लागतो, आणि सकाळी आकाशवाणी ऐकणाऱ्या माणसाला हे रोज उपयोगी पडतं. जिओभारतला मेमरी कार्ड बसतं, १२८ जीबीपर्यंत. आईला भजन, कीर्तन, हरिपाठ आवडत असेल तर एकदा कार्ड भरून दिलं की इंटरनेटची गरज नाही. १०५ मध्ये ही सोय नाही. कॅमेरा जिओभारतला ०.३ मेगापिक्सेलचा आहे. त्याने नातवाचा फोटो काढायची आशा ठेवू नका. सिनेमा-मालिकांची ॲप एवढ्याशा पडद्यावर ७२ वर्षांच्या डोळ्यांनी कोणी बघत नाही, म्हणून त्या ओळीला तक्त्यात गुण देऊ नका. आणि व्हॉट्सॲप हवं असेल तर या दोघांपैकी कुठलाच घेऊ नका. तो प्रश्नच वेगळा आहे.

यूपीआयच्या ओळीत तुम्ही दोन्हींना टिक केलंय, ते बरोबर आहे. साध्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं. नोकिया १०५ मध्ये ती सोय दिलेली आहे आणि ती कॉलवर आकडे दाबून चालते, इंटरनेट लागत नाही. जिओभारतमध्ये जिओपे आहे आणि कोड स्कॅनही होतो. पण आई एकट्या राहतात, आणि वाडीतल्या दुकानात रोख चालते. त्यांनी स्वतःहून मागितलं नाही तर यूपीआय चालू करून देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. साध्या फोनवर लिंक उघडून फसवणूक होत नाही, हा मोठा बचाव आहे. पण फोन करून गोड बोलून पिन काढून घेणारे साध्या फोनवरही येतातच. पिनच नसेल तर काढून काय घेणार?

आता पैशांचं, कारण किमतीच्या ओळीवरच तुम्ही सर्वांत जास्त भर दिलाय. बाजारात आले तेव्हा १०५ ची किंमत १,२९९ रुपये होती, जिओभारत व्ही२ ची ९९९. म्हणजे फरक ३०० चा. खरा फरक रिचार्जमध्ये आहे. जिओभारतसाठी वेगळा दर ठेवलेला आहे: २०२३ मध्ये तो आला तेव्हा २८ दिवसांना १२३ रुपये आणि वर्षाला १,२३४ रुपये, त्यात अमर्याद कॉल आणि रोज अर्धा जीबी डेटा. एअरटेलवर साध्या फोनवाल्याला आधी नको असलेल्या डेटाचेही पैसे मोजावे लागत. ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले, त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलचा वर्षाचा असा पॅक १,८४९ रुपयांना आला. हे दर हलत असतात, घ्याल त्या दिवशी पुन्हा विचारा. पण याच आकड्यांवर तीन वर्षांचा हिशेब मांडला तर नोकिया धरून एकूण ६,८४६ रुपये होतात आणि जिओभारत धरून ४,७०१. दोन हजारांवर फरक. तुम्ही रिचार्ज पुण्यातून भरणार असाल तर कदाचित हा आकडा तुम्हाला जड नाही; आई स्वतःच्या पेन्शनमधून भरणार असतील तर आहे. काहीही असलं तरी वर्षाचा पॅक एकदम भरा. दर महिन्याला रिचार्ज संपतो कधी हे आठवणं एकट्या म्हाताऱ्या माणसावर टाकू नये.

स्वस्त दर दिसला म्हणून लगेच नंबर जिओत न्यायचं ठरवू नका, कारण तिथे कागदपत्रांची वाट आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते: आईच्या फोनवरून ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे नंबर टाकून १९०० वर एसएमएस, मग कोड येतो, तो चार दिवस चालतो. पण दुकानात आईला स्वतः यावं लागतं आणि त्यांच्या आधारची पडताळणी होते. शेतात राबलेल्या हातांच्या बोटांचे ठसे मशीन पुष्कळदा घेत नाही. पाच-सहा वेळा बोट पुसून ठेवावं लागतं, कधी परत पाठवतात. शिवाय सिम नक्की कोणाच्या नावावर आहे हे आधी बघा. जुनी सिमं पुष्कळ वेळा वडिलांच्या किंवा पुतण्याच्या नावावर निघतात, आणि ज्याच्या नावावर आहे तोच माणूस लागतो. जुनं सिम बदलून घेतलं असेल तर त्यानंतर सात दिवस पोर्ट करता येत नाही, हा १ जुलै २०२४ पासूनचा नियम. आणि नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत-जात नाहीत, म्हणून बँकेचं किंवा आधारचं ओटीपी लागणारं काम त्या दिवशी ठेवू नका.

इथे जिओभारतची खरी अडचण दिसते. उद्या जिओचा टावर बिघडला, किंवा दर वाढले, आणि नंबर परत दुसरीकडे न्यावासा वाटला, तर फोनही बदलावा लागेल. नोकिया १०५ ला एअरटेल, व्होडाफोन-आयडिया, बीएसएनएल यांपैकी जिथे टूजी आहे ते कुठलंही सिम चालतं. संकटाच्या वेळीही याचा उपयोग होतो: ११२ चा कॉल टूजी फोनवरून स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी तिथे लागणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या टूजी जाळ्यावरून जाऊ शकतो. उलट बाजूही सांगायला हवी. टूजी कायमचं राहणार नाही. सिंगापूरने २०१७ मध्येच ते बंद केलं, ऑस्ट्रेलियानेही केलं. आपल्याकडे टूजीवर अजून मोठी वस्ती आहे, त्यामुळे उद्याच ते जाईल असं नाही; पण आज १०५ घेताना तो दहा वर्षांसाठी घेतोय असं समजू नका. तीन-चार वर्षांचा हिशेब धरा.

म्हणून तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सुचवतो. नोकिया १०६ फोरजी हा १०५ सोबतच २०२३ मध्ये आला, तेव्हा २,१९९ रुपयांना. बटणं त्याच घरातली, बॅटरी १,४५० एमएएच, मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंत, आणि कोणत्याही एका कंपनीला बांधलेला नाही. आईचं एअरटेलचं सिम त्यात राहील, एचडी आवाज मिळेल, कागदपत्रांची धावपळ वाचेल. त्यांचं सिम टूजीच्या काळातलं असेल तर फोरजीचं बदलून घ्यावं लागेल, तेवढंच. दुकानात हा फोन मिळाला तर आईचंच सिम घालून कॉल लावून आवाज ऐका आणि मग पैसे द्या. नऊशे रुपये जास्त जातात, पण कानाचा प्रश्न आणि बांधून घेण्याचा प्रश्न दोन्ही सुटतात. तुमच्या वर्णनावरून माझी पहिली पसंती हाच.

तो मिळत नसेल, दोघांतूनच निवडायचं असेल आणि घरात दोन्ही जाळी नीट लागत असतील, तर असं करा: सिम आईच्याच नावावर असेल आणि रिचार्ज त्यांच्या खिशातून जाणार असेल तर जिओभारत. यातलं एकही डळमळीत असेल तर नोकिया १०५. नुसतं ‘नवं तंत्रज्ञान’ म्हणून जिओभारत घेऊ नका, आणि नुसतं ‘नोकिया म्हणजे टिकाऊ’ म्हणून १०५ ही घेऊ नका. त्या जुन्या नावाचा परवाना २०१६ पासून एचएमडी या कंपनीकडे आहे. फोन चांगला आहे, पण तो आजचा फोन म्हणून पारखा.

कोणताही घेतलात तरी दुकानातून निघण्याआधी काही कामं उरकून घ्या. *#०६# दाबा, पडद्यावर येणारा आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) बॉक्सवरच्याशी जुळवा, आणि ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरं लिहून पुढे तो नंबर टाकून १४४२२ वर एसएमएस करा. नकली किंवा चोरीचा असेल तर तिथेच कळेल. त्या नंबरचा फोटो काढून स्वतःकडे ठेवा, फोन हरवला तर संचार साथी या सरकारी वेबसाइटवर फोन बंद करायला तो लागतो. बिल घ्याच.

मग जुन्या फोनमधले नंबर. ते सिमवर कॉपी करणार असाल तर सिमवरच्या नावाला जागा फार कमी असते, आणि देवनागरीत लिहिलेलं नाव तर मध्येच तुटतं. ‘सुमन वहिनी कराड’ आणि ‘सुमन वहिनी मुंबई’ दोघी सारख्याच दिसू लागतात. वीस-पंचवीस कामाचे नंबर हाताने फोनच्या मेमरीत घाला. आई ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने घाला.

स्पीड डायल लावताना २, ३, ४ ही बटणं वापरा. ५ आणि ९ सोडून द्या. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून ठेवलं की संकटाचा कॉल लागावा असा नियम आहे, आणि तो कॉल ११२ ला जातो. २ वर तुम्ही, ३ वर शेजारचं घर, ४ वर गावातले डॉक्टर किंवा आशाताई. बटणावर खुणेचा एखादा ठिपका लावायचा असेल तर तो ५ वर लावू नका. तिथे आधीच उंचवटा असतो आणि बोट आपोआप तिकडे जातं. आईला ५ चा उपयोग समजावून सांगा, पण दाबून दाखवू नका, कॉल खरोखर लागतो. आणि कीपॅड लॉक आपोआप पडेल असं सेटिंग करून द्या, नाहीतर कमरेच्या पिशवीत दाबला जाऊन पोलिसांना फोन जात राहील.

फेरी मारून रेंज बघितलीत की कोणत्या खोलीत काय लागलं ते कळवा. चुलीपाशीच फक्त अडत असेल तर फोन बदलण्याआधी तो खिडकीत टांगून ठेवायची जागा ठरवूनही काम भागतं.